घास नेमका कुठे अडकतो? अन्ननलिकेच्या विकारांविषयी वाचकांचे प्रश्न

पोटाच्या तक्रारींविषयीची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या महिन्यात त्यांतली अन्ननलिकेशी संबंधित पत्रे वेगळी काढून त्यांनाच उत्तरे द्यावीत असे ठरवले, कारण ती वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती. गिळताना घास अडकणे आणि छातीत जळजळणे या दोन निराळ्या तक्रारी ‘पित्त झाले’ या एकाच खात्यात जमा केल्या जातात आणि दोन्हींसाठी औषधाच्या दुकानातून आणलेली एकच गोळी महिनोन्‌महिने चालू राहते. अन्ननलिका म्हणजे घसा आणि जठर यांना जोडणारी, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास खाली पोचवणे आणि जठरातील आम्ल वर येऊ न देणे ही तिची दोन कामे. त्यासाठी तिच्या दोन्ही टोकांना आवळून धरणारे गोलाकार स्नायू असतात आणि मधल्या भागात वरून खाली सरकत जाणाऱ्या आकुंचनाच्या लाटा उमटतात. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे असून शेती करतात. तीन महिन्यांपासून त्यांना भाकरीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटतो. वर पाणी प्यायले की तो उतरतो. आता ते भाकरी दुधात कुस्करून खातात आणि ‘बरे आहे’ म्हणतात. वजन मात्र बरेच उतरले आहे. तंबाखू-चुना चाळीस वर्षांपासून आहे. गावातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करायला सांगितले आहे, पण तुकडा काढला की गाठ पसरते असे नातेवाईक म्हणतात. थोडे दिवस गोळ्या देऊन पाहावे का? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : थांबू नका. तपासणी याच आठवड्यात करून घ्या. आपल्या पत्रात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: आधी घन पदार्थ अडकणे, ही तक्रार वाढत जाणे आणि वजन उतरणे. चाळिशी-पन्नाशीनंतर या तिन्ही एकत्र दिसल्या, की अन्ननलिकेचा कर्करोग नाही याची खात्री करणे हे पहिले काम ठरते. वडील ‘बरे आहे’ म्हणतात याचा अर्थ आजार थांबला असा नव्हे. माणूस नकळत आपले खाणे बदलतो. भाकरीऐवजी भात, भाताऐवजी पेज असा तो सरकत जातो आणि घरच्यांना वाटते की त्रास कमी झाला. अन्ननलिका चांगली ताणली जाणारी असते, त्यामुळे तिची पोकळी साधारण १३ मिलिमीटरच्या खाली गेल्याशिवाय सहसा घास अडकत नाही. म्हणजे तक्रार सुरू होते तेव्हा आतला बदल बराच पुढे गेलेला असू शकतो, आणि येथे एकेका महिन्याला किंमत आहे ती याच कारणाने.

तुकडा काढल्याने गाठ पसरते या समजुतीला आधार नाही. मला तर ही समजूत तंबाखूच्या खालोखाल घातक वाटते, कारण तिच्यामुळे लोक निदानच टाळतात. दुर्बिणीच्या तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घशात बधिर करणारा फवारा मारतात, हवे असल्यास झोपेचे इंजेक्शन देतात, आणि बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी तोंडावाटे आत घालून अन्ननलिका, जठर व लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग पाहतात. पाच-दहा मिनिटांत हे आटोपते. संशयास्पद जागेचे तांदळाच्या दाण्याहूनही लहान असे काही तुकडे घेतले जातात. ते घेताना दुखत नाही. निदान कागदावर आल्याशिवाय कोणताही कर्करोगतज्ज्ञ उपचार सुरू करणार नाही, हे नातेवाइकांना जरूर सांगा.

घास अडकण्याचे कारण दर वेळी कर्करोगच असते असे मात्र नाही. अनेक वर्षे आम्ल वर येत राहिल्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला व्रण पडून ती आकसते. अशी आकसलेली जागा दुर्बिणीतूनच फुग्याने रुंद करता येते. लोहाची दीर्घकाळ कमतरता असलेल्या स्त्रियांत घशाच्या लगत पातळ पडदा तयार होतो. छातीतल्या क्षयाच्या गाठी बाहेरून दाबतात. ही सगळी कारणे दुर्बिणीने आणि गरज पडल्यास सी.टी. स्कॅनने वेगळी काढता येतात, गोळ्या देऊन वाट पाहिल्याने नव्हे.

कर्करोग निघालाच तर पुढचा मार्ग तो किती खोल गेला आहे यावर ठरतो. आपल्याकडे अन्ननलिकेच्या आतल्या चपट्या पेशींच्या अस्तरातून उगवणारा प्रकार अधिक दिसतो आणि तंबाखू, मद्य व सुपारी ही त्याची ओळखीची कारणे आहेत. (मिश्री लावणाऱ्या आजीबाईंना ती ‘दात घासायची वस्तू’ वाटते, पण तीही भाजलेली तंबाखूच आहे.) अतिशय गरम, म्हणजे ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापमानाची पेये पिण्याची सवय बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले, तेव्हा उकळता चहा घशाखाली लोटण्याची सवयही सोडलेली बरी. अगदी वरच्या थरापुरता असलेला रोग दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो. तो खोल गेला असेल पण दूर पसरला नसेल, तर बहुतेक वेळा सुमारे पाच आठवडे केमोथेरपी व किरणोपचार एकत्र देऊन त्यानंतर शस्त्रक्रिया करतात. तीत अन्ननलिकेचा रोगट भाग काढून जठराचीच नळी करून वर ओढून जोडली जाते. ही शस्त्रक्रिया मोठी आहे. ती वारंवार होत असलेल्या रुग्णालयातच करावी, असा माझा आग्रह राहील. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय सर्वांना माहीत आहे, पण दुर्बिणीची तपासणी आणि तुकड्याचा अहवाल यांसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याची चौकशी करा आणि अहवाल हातात घेऊनच पुढे जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे, म्हणून शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवा. रोग पसरलेला असेल तेव्हाही अरुंद जागेत जाळीची नळी बसवून तोंडाने खाणे पुन्हा सुरू करता येते. तोवर वडिलांना पातळ पण कसदार आहार द्या: दुधातली नाचणीची खीर, डाळीचे घट्ट वरण, मऊ खिचडीत तूप. नुसत्या पेजेवर राहिलेला रुग्ण उपचार झेपण्याच्या आधीच खचतो.

प्रश्न : माझे वय ३८. चार वर्षांपासून छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते. पँटोप्राझोलची गोळी रोज रात्री जेवणानंतर घेते. नाही घेतली तर दोन दिवसांत त्रास दुप्पट होतो. दुर्बिणीच्या तपासणीत ‘लहान हायटस हर्निया’ लिहून आले आहे. शस्त्रक्रिया करावी लागेल का? आणि या गोळीने मूत्रपिंड खराब होते असे वाचले, ते खरे आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपण गोळी चुकीच्या वेळी घेत आहात, आणि चार वर्षांच्या त्रासाचा निदान काही भाग तरी त्यामुळे असावा. जठरातील आम्ल तयार करणारे पंप अन्न पोटात पडले की कामाला लागतात. ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपांना बंद करते आणि स्वतः रक्तात थोडेच तास राहते. म्हणून ती जेवणाच्या ३० ते ६० मिनिटे आधी, रिकाम्या पोटी घ्यायची असते. सहसा सकाळच्या न्याहारीपूर्वी घेतात. त्रास प्रामुख्याने रात्रीचा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीच्या जेवणापूर्वी.

गोळी बंद केल्यावर त्रास वाढतो, कारण दबून राहिलेले जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करते. ‘मला गोळीची सवय लागली’ असा त्याचा अर्थ लावून घाबरू नये. डॉक्टरांशी बोलून मात्रा निम्मी करणे, नंतर एक दिवसाआड घेणे आणि मधल्या काळात गरजेपुरते जठराम्ल मारणारे पातळ औषध वापरणे अशा रीतीने ती बहुतेकांना सोडता येते. मूत्रपिंडाविषयी सांगायचे तर, या औषधांमुळे मूत्रपिंडाला सूज येण्याची प्रतिक्रिया खरोखर घडते, पण ती विरळ आहे. दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम कमी होऊ शकते. शाकाहारी व्यक्तीने ब-१२ वर्षातून एकदा तपासलेले बरे. ज्यांची अन्ननलिका खरोखर खोलवर सोललेली आहे किंवा जिच्या अस्तराचे रूपांतर आतड्याच्या अस्तरासारख्या पेशींत झाले आहे, त्यांना ही गोळी वर्षानुवर्षे आवश्यकच असते. या दुसऱ्या बदलाला नॉर्मन बॅरेट या ब्रिटिश शल्यचिकित्सकाचे नाव दिलेले आहे. त्यातून क्वचित कर्करोग उद्भवतो, म्हणून ठरावीक वर्षांनी दुर्बिणीने पाहावे लागते. आपल्या अहवालात तसे काही नाही.

‘लहान हायटस हर्निया’ हे शब्द वाचून शस्त्रक्रियेची तयारी करण्याचे कारण नाही. जठराचा वरचा भाग श्वासपटलातील छिद्रातून थोडा वर सरकणे फार सामान्य आहे आणि अनेकांना त्याचा काहीच त्रास नसतो. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया निवडक रुग्णांत चांगली चालते, पण तिच्याआधी दोन चाचण्या हव्यातच: २४ तास अन्ननलिकेतील आम्ल मोजणारी आणि तिच्या आकुंचनाचा दाब मोजणारी. छातीत जळजळणाऱ्या बऱ्याच जणांत आम्ल प्रत्यक्षात वर येतच नसते, नुसती अन्ननलिका हळवी झालेली असते. अशांची शस्त्रक्रिया केली तर त्रास तसाच राहतो आणि वर ढेकर देता न येण्याची नवी तक्रार सुरू होते.

पथ्याच्या लांबलचक याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. टोमॅटो, लिंबू, तिखट, कॉफी हे सगळे सर्वांनीच सोडावे असे नव्हे; ज्या पदार्थाने तुम्हाला त्रास होतो तो तुम्हीच ओळखा आणि तेवढाच टाळा. त्यापेक्षा जास्त उपयोग होतो तो रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकण्याचा, पोटाचा घेर कमी करण्याचा आणि डाव्या कुशीवर झोपण्याचा. दोन उशा घेतल्याने मान वाकते, पोट दाबले जाते आणि त्रास उलट वाढतो. त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण अशा औषधांनी अन्ननलिकेचा खालचा स्नायू सैलावतो. पण ती स्वतःहून बंद करू नका. खाण्याचा सोडा घालून पाणी पिण्याची सवय रक्तदाबाच्या रुग्णाने सोडावीच.

येथे सर्व वाचकांसाठी एक सूचना. चालताना किंवा जिना चढताना छातीच्या मध्यभागी येणारे, आवळल्यासारखे दुखणे, त्यासोबत घाम, धाप किंवा जबडा-हाताकडे जाणारी कळ असेल, तर ती जळजळ समजून सोडा-लिंबू पीत बसू नये, आधी ई.सी.जी. काढावा. हृदय आणि अन्ननलिका शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या वेदना अनुभवी डॉक्टरलाही नुसत्या वर्णनावरून दर वेळी वेगळ्या ओळखता येत नाहीत.

प्रश्न : मी २७ वर्षांची असून शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून जेवणच काय, पाणीही छातीत साचल्यासारखे वाटते. रात्री आडवी झाल्यावर न पचलेले अन्न उशीवर येते, खोकला येतो. आठ किलो वजन कमी झाले. दुर्बिणीची तपासणी ‘नॉर्मल’ आली, तेव्हापासून घरी सगळे म्हणतात की हे मनाचे आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हे मनाचे नाही. तुमच्या वर्णनावरून अॅकॅलेशिया या आजाराचा दाट संशय येतो, आणि सुरुवातीच्या काळात तो दुर्बिणीला चुकवू शकतो. यात अन्ननलिकेच्या भिंतीतील, स्नायूला ‘सैल हो’ असा निरोप देणाऱ्या चेतापेशी नष्ट होतात. परिणामी खालचे तोंड गिळताना उघडत नाही आणि वरच्या लाटाही बंद पडतात. कर्करोगात आधी भाकरी अडकते आणि पाणी शेवटी. येथे सुरुवातीपासून दोन्ही अडकतात. हा फरक रुग्णाने नीट सांगितला तर अर्धे निदान खुर्चीत बसूनच होते. दरवर्षी लाखात एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार असल्याने निदानाला वर्षे लागतात. कोणी रात्रीच्या खोकल्यासाठी दम्याची औषधे घेत राहते, तर तुमच्यासारख्या तरुण मुलींवर जेवण टाळल्याचा आरोप होतो.

दोन तपासण्या करून घ्या. पहिली बेरियम (क्ष-किरण चित्रात उठून दिसणारे द्रावण) पिऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रांची. तीत फुगलेली अन्ननलिका खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती होताना दिसते. दुसरी, आणि निर्णायक, मॅनोमेट्री. नाकावाटे एक बारीक नळी अन्ननलिकेत सरकवतात आणि थोडे थोडे पाणी गिळायला सांगून प्रत्येक गिळण्याचा दाब मोजतात. ती थोडी अप्रिय आहे, पण भूल लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येते. तिच्यावरून आजाराचा उपप्रकार कळतो आणि उपचाराची निवड बरीचशी त्यावर अवलंबून असते.

नष्ट झालेल्या चेतापेशी परत येत नाहीत, म्हणून सर्व उपचार ते आवळलेले तोंड सैल करण्याचे आहेत. तीन पर्याय टिकाऊ आहेत. दुर्बिणीतून ३० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा फुगा फुगवून स्नायूचे तंतू फाडणे. यात अन्ननलिकेला छिद्र पडण्याचा थोडा धोका असतो आणि काही वर्षांनी ते पुन्हा करावे लागू शकते. दुसरा, जर्मन शल्यचिकित्सक अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये प्रथम केलेली स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया, जी आता पोटावरील लहान छिद्रांतून होते. तिसरा ‘पोएम’. जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये तो माणसावर प्रथम केला. यात तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीने अन्ननलिकेच्या अस्तराखाली बोगदा करून स्नायू आतूनच कापतात. बाहेर व्रण राहत नाही. भारतातील मोठ्या शहरांत तो आता नियमितपणे होतो. त्यानंतर आम्ल वर येण्याचे प्रमाण मात्र हेलर शस्त्रक्रियेपेक्षा जास्त आहे, कारण हेलरच्या वेळी जठराचा भाग गुंडाळून आडोसा केलेला असतो. तुमचे वय पाहता फुग्यापेक्षा स्नायू कापण्याचा एखादा पर्याय मी सुचवेन, पण मॅनोमेट्रीचा अहवाल येईपर्यंत कोणालाही हो म्हणू नका. स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा गुण काही महिनेच टिकतो; ते शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वृद्धांसाठी ठेवावे. तोपर्यंत बसूनच जेवा, रात्री उशिरा खाऊ नका आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवून झोपा, कारण साचलेले अन्न फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

प्रश्न : माशाचा काटा घशात अडकला की आमच्याकडे सुक्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला देतात. ते योग्य आहे का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही. बहुतेक काटे टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुतलेले असतात आणि नाक-कान-घसा तज्ज्ञ ते चिमट्याने मिनिटभरात काढतात. भाताच्या गोळ्याने तोच काटा खोल ढकलला जातो. काटा निघून गेल्यावरही खरचटल्याची टोचणी एक-दोन दिवस राहते. पण थुंकी गिळता येत नसेल, छातीत दुखत असेल, ताप आला किंवा मान सुजली, तर लगेच रुग्णालयात जा. साध्या क्ष-किरण चित्रात काटा पुष्कळदा दिसत नाही, म्हणून सी.टी. स्कॅन सांगितला तर तो जादा खर्च समजू नये.

प्रश्न : आमच्या इमारतीतील दोन वर्षांच्या मुलाने शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले संडास साफ करण्याचे अॅसिड प्यायले. शेजाऱ्यांनी मीठपाणी पाजून उलटी करवली. असे करावे का? बटणासारखी बॅटरी गिळली तर काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : उलटी कधीही करवू नये. आत जाताना एकदा भाजलेली अन्ननलिका वर येताना दुसऱ्यांदा भाजते आणि अॅसिड श्वासनलिकेतही शिरू शकते. लिंबू, सोडा असे काही पाजून ‘उतारा’ देऊ नये. तोंड पाण्याने धुवावे, अॅसिड सांडलेले कपडे काढावेत आणि ती बाटली बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. साधारणपणे पहिल्या २४ तासांत दुर्बिणीने इजा किती खोल आहे ते पाहतात. मूल आठवड्याभरात हसू-खेळू लागले तरी पाठपुरावा सोडू नका: खोल भाजलेली अन्ननलिका तीन आठवड्यांनंतर आकसू लागते, आणि मग ती पुन्हा पुन्हा रुंद करण्यात मुलाची वर्षे जातात.

बटणाच्या आकाराची बॅटरी अन्ननलिकेत अडकली असेल तर प्रसंग याहूनही घाईचा आहे. ओलसर अस्तराला टेकताच तिच्यातून वीज वाहते, तेथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. मूल रडत नाही, फक्त लाळ गाळते किंवा खात नाही, एवढीच लक्षणे असू शकतात. लगेच क्ष-किरण चित्र काढा. नाण्यासारखे दिसले तरी कडेला दुहेरी वर्तुळ असेल तर ती बॅटरी समजावी आणि तत्काळ दुर्बिणीने काढावी. मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळू शकत असेल आणि घटना बारा तासांच्या आतली असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवता येतो, त्याने इजा मंदावते; मात्र मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नये. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

प्रश्न : आईला (वय ७२) हाडे ठिसूळ झाल्याने आठवड्यातून एकदा अॅलेंड्रोनेटची गोळी दिली आहे. ती घेतल्यावर छातीत टोचते. (एक वाचक, पणजी)

उत्तर : ही गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तेथे व्रण पडतो. ती सकाळी उपाशीपोटी, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायची असते, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, पहिले खाणे होईपर्यंत, आडवे व्हायचे नसते. आई ती घोटभर पाण्याबरोबर घेऊन पुन्हा अंथरुणावर पडत असतील तर कारण बहुधा तेच. तूर्त पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना दाखवा. आधीपासून घास अडकत असेल तर हे औषध बदलून शिरेतून देण्याचा पर्याय आहे. डॉक्सिसायक्लिन, पोटॅशियम आणि लोहाच्या गोळ्यांनीही असाच व्रण पडू शकतो, तेव्हा आईंच्या इतर गोळ्यांची यादीही डॉक्टरांकडे न्या.